ज्याने लिहिले त्यानेच रेघ मारायची

पहाटे चार चाळीसला तिचा दिवस सुरू होई. घड्याळाचा गजर पावणेपाचचा असे, पण तो वाजायची वेळ सहसा येत नसे. पाच वीसला चहा, पाच पस्तीसला दार ओढून घेणे, आणि सहाला दहा कमी असताना कापणीच्या टेबलापाशी उभे राहणे. एकतीस वर्षांत ती दोनदा उशिरा पोचली. एकदा लेक तापाने फणफणली होती तेव्हा, आणि एकदा बस मध्येच बंद पडली तेव्हा. ती बस तिचा नवराच चालवत होता, त्यामुळे दुसऱ्या उशिराचा निकाल घरात अजून लागलेला नाही.

कारखाना डांगऱ्यांचा. गोदीत, गॅरेजात, भट्टीवर माणसे अंगभर घालतात त्या. एका लांब दालनात चाळीस शिवणयंत्रे आणि त्यांच्या टोकाला अकरा मीटरचे एक टेबल. त्या टेबलावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, एकही सुरकुती न राहू देता. वर मापे काढलेला कागद ठेवायचा आणि विजेच्या सुरीने साठही थर एकदम कापायचे. शिलाई चुकली तर उसवता येते. इथे सुरी फिरली की फिरली.

कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. तिच्या आधीचे सगळे मास्तर पुरुष होते. ती टेबलावर आली तेव्हा हिला काय म्हणायचे यावर दालनात आठवडाभर खल झाला. नवा शब्द शोधायचे कष्ट शेवटी कोणी घेतले नाहीत. ती मास्तरच झाली. पुढे घरीही नवरा तिला मास्तर म्हणू लागला, आधी चेष्टेने, मग सवयीने.

पंचवीस वर्षे तिने मापांचे नमुने जाड कागदावर हाताने काढले. भिंतीवर खिळ्यांची रांग होती, प्रत्येक खिळ्याला एक नमुना. सहा वर्षांपूर्वी लेकीने एक प्रोग्राम शोधून दिला. माप घातले की तो नमुना काढून देई, लहानाचा मोठा करी, मोठ्याचा लहान करी. विकत घ्यायचा नव्हता. गणिताच्या एका मास्तरांनी, म्हणजे शाळेतल्या खऱ्या मास्तरांनी, तो बहिणीच्या शिलाईच्या दुकानासाठी लिहिला होता आणि मग सगळ्यांसाठी खुला सोडला होता. कोणीही घ्या, आत उघडून पाहा, सुधारा, पुढच्याला द्या. याला ओपन सोर्स म्हणतात. त्यांच्याभोवती हळूहळू पंधरावीस माणसे जमली. कोणी प्रोग्राम लिहीत, कोणी माहितीची पाने लिहीत. पगार कोणालाच नाही.

मास्तरला प्रोग्रामची एक ओळ लिहिता येत नव्हती. पण ती वापरताना जे खटके ते कळवत असे, आणि इतके नेमके कळवत असे की गणिताच्या त्या सरांनी तिलाच विचारले, "सगळ्यांच्या तक्रारी तुम्ही लावून द्याल का?" मंडळी अशा तक्रारीला बग म्हणत. ती दोष म्हणे. दोष नोंदवायचे एक वेगळे सॉफ्टवेअर होते, बग ट्रॅकर. दोनची पाळी सुटली की घरी येऊन जेवायची, अर्धा तास पाठ टेकायची, आणि साडेतीन ते साडेचार त्या नोंदी चाळायची. हा त्याच दोषाचा भाऊ आहे का, हे आधी कोणी लिहिले आहे का, हे कोणत्या मापाला होते. रोज एक तास, आठवड्याचे सहा दिवस, पाच वर्षे. प्रोग्राम लिहिणारे येत आणि जात. ती हलली नाही.

तिला टेबल स्वच्छ लागे. संध्याकाळी कापणीच्या टेबलावर खडूचा तुकडाही राहू द्यायची नाही. नोंदींचेही तसेच. म्हणून वर्षापूर्वी तिनेच मागे लागून एक नियम करून घेतला होता. प्रोग्रामवाल्याने तक्रारदाराला काही विचारले आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर नोंद बंद. नियम लागू झाला त्या महिन्यात उघड्या नोंदी चारशेवरून दीडशेवर आल्या. सरांनी सगळ्यांसमोर तिचे कौतुक केले. तिने ते कौतुक घरी दोनदा सांगितले.

आणि मग साठ थर वाया गेले.

गोदीवाल्यांनी एक माप जास्त मागितले होते, सर्वांत मोठे. तिने नेहमीच्या फाईलमध्ये ते वाढवले, कागद छापला, कापड अंथरले, कापले. तासाभराने बाही लावणारी टेबलापाशी आली. हातात डांगरीची कापलेली पाठ आणि बाही.

"मास्तर, ही बाही या भोकात जात नाही."

"ओढून घे."

"ओढली. बाही राहिली बाजूला, माझाच खांदा निखळला."

मास्तरने इंचपट्टी लावली. बाही जिथे जोडतात त्या गोलाव्याला मुंढा म्हणतात. मागच्या मुंढ्याला शिवणीसाठी सोडायचे जादा कापड, म्हणजे माया, नव्हतीच. अर्धा इंच. पुढच्या मुंढ्याला होती, खांद्याला होती, बगलेला होती. मागच्या मुंढ्याला नव्हती. साठ पाठी, एकशेवीस मुंढे, सगळे आखूड.

मालकीणबाई खाली आल्या. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरे, असे मास्तरला वाटले.

"मास्तर, हाताने काढत होता तेव्हा असं कधी झालं?"

"नाही बाई."

"हा प्रोग्राम तुम्ही आणलात. चांगला आहे म्हणालात. फुकट आहे म्हणून मला शंका होती, तुम्ही शब्द दिलात."

"दिला."

"महिनाअखेरपर्यंत बघा. दुरुस्त झालं, आणि पुन्हा असं काही लपून राहणार नाही असं मला पटलं, तर ठीक. नाहीतर टेबलावरून तो संगणक काढायचा आणि कागदाचे खिळे पुन्हा ठोकायचे."

हाताने काढायला मास्तर भीत नव्हती. तिचा शब्द खोटा पडत होता, ते लागले. महिना संपायला सव्वीस दिवस होते.

त्या दिवशी दुपारी ती आडवी झाली नाही. तिने आपली तक्रार लिहिली, आणि मग सवयीने आधीच्या नोंदी शोधल्या. मुंढा शोधला, काही नाही. बाही शोधली, काही नाही. शेवटी नुसते "माया" शोधले. सात महिन्यांपूर्वीची एक नोंद वर आली. लिहिणारा तंबू शिवणारा होता. तंबूला मुंढा नसतो, दाराला कमान असते. त्याने लिहिले होते, "नवीन माप वाढवलं की कमानीची माया जाते. बाकी ठिकाणी राहते." त्याखाली प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराचे उत्तर होते, "माझ्याकडे असं होत नाही. आणखी माहिती द्या." हा पोरगा चांगला होता, हुशार होता. जाड भिंगांमुळे सगळे त्याला चष्मा म्हणत. त्याच्या उत्तराखाली एक महिना काहीच नव्हते. आणि सगळ्यांत खाली एक ओळ होती.

"उत्तर नाही. बंद."

ती ओळ तिची होती.

नवरा सकाळची फेरी संपवून आला होता. त्याने चपला काढता काढता विचारले, "काय झालं? चेहरा असा काय?"

"कापड मीच वाया घालवलं."

"तो प्रोग्राम ना?"

"एका तंबूवाल्यानं सात महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. मी गप्प बसवलं."

नवऱ्याने चपला कोपऱ्यात सारल्या. "चहा टाकू?"

"टाका. साखर घालू नका."

"शिक्षा होय? बरं."

दुसऱ्या दिवशी तिच्या सुरीची मोटर अडखळत होती. दालनात प्रत्येक यंत्राला दोरीने एक वही बांधलेली असे. यंत्र चालवणाऱ्याने बिघाड लिहायचा. फिटरने दुरुस्त करून खाली काय केले ते लिहायचे. यंत्र नीट चालले की बिघाडावर रेघ मारून नोंद मिटवायची. फिटरने मोटर उघडली, ब्रश बदलले, आणि वही तिच्यापुढे धरली.

"मास्तर, एक पाळी चालवा आणि रेघ मारा."

"चालतेय की. तूच मार."

"मी कशी मारू? लिहिलंय तुम्ही." फिटर हसला. "मी मारायला लागलो तर या दालनात एकही यंत्र कधी बिघडणार नाही."

हा नियम दालनात तिच्याही आधीपासून होता. ज्याने लिहिले त्यानेच रेघ मारायची. एकतीस वर्षे ती तो पाळत आली होती. आणि साडेतीनला घरी जाऊन खुर्चीत बसली की रोज मोडत होती. तिला हे कोणी सांगितले नव्हते. आता फिटरने सांगितले, तेही विनोदात.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात बग ट्रॅकर चालवणाऱ्या कंपनीने कळवले, फुकट सेवा महिनाअखेरीस बंद. सरांनी सगळ्यांना लिहिले, नवे काहीतरी निवडावे लागेल. तीन नावे पुढे आली. मास्तरला नावे लक्षात ठेवायची गरज वाटली नाही. पहिले रंगीत होते. पट्ट्या, आलेख, सरकवायचे खण, आणि जुन्या नोंदी आपोआप मिटवणारे एक यंत्रही आत. दुसरे जोडीचे, म्हणजे प्रोग्राम जिथे ठेवलेला होता त्या जागेला चिकटलेले. तिसरे साधे. राखाडी पान, निळ्या ओळी, स्वतःच ओपन सोर्स, आणि स्वतःच्या मशीनवर बसवावे लागणारे.

चष्म्याने तिन्हींचा तक्ता केला होता. कशात किती सोयी, त्यापुढे हिरव्या खुणा. रंगीतला सगळ्यांत जास्त हिरवे.

मास्तरने तक्ता पाहिला आणि लिहिले, "दहा दिवस द्या. मी वापरून बघते."

तिने जुन्यातले बारा दोष निवडले. सोपे, अवघड, फोटो लागणारे. मग दालनात तिघांना गाठले. बाही लावणारी, काजे करणारी आणि फिटर. चौथी ती स्वतः. अट एकच. चहाच्या सुट्टीत, फोनवरून, जसे एखादा शिंपी दुकानात बसून करेल तसे. सुट्टी बारा मिनिटांची. घड्याळ तिच्या हातात. तिन्ही सॉफ्टवेअरना तेच बारा दोष.

रंगीतमध्ये एक दोष लिहायला एकोणीस रकाने भरायचे होते. काजे करणारी सहाव्यावर थांबली.

"गांभीर्य किती, प्राधान्य किती, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या घटकात. अहो मास्तर, लग्न ठरवताना माझ्या सासूनं इतकं विचारलं नव्हतं."

"विचारायला हवं होतं तिनं," बाही लावणारी म्हणाली.

जोडीच्याला आधी खाते काढावे लागे. फिटरचा पासवर्ड चार वेळा नाकारला गेला. मग मेलवर आकडा आला, तो घालेपर्यंत जुना झाला. बारा मिनिटे संपली तेव्हा फिटर खातेच काढत होता. त्याचा चहा निवला. "माझं नाव त्याला मान्य नाही," एवढे बोलून तो उठला.

साध्याला खाते नको होते. काय झाले, काय व्हायला हवे होते, फोटो. बस. बाही लावणारीने दोन मिनिटे चाळीस सेकंदांत नोंद केली आणि पानाकडे पाहून नाक मुरडले.

"दिसायला अगदी सरकारी कचेरी आहे."

"काम झालं ना?"

"झालं. म्हणजे कचेरी नसावी."

मास्तरने प्रत्येक वेळ लिहून ठेवली. मिनिटे, सेकंद, कोण कुठे अडकले. दहा दिवस, एकही सुट्टी न चुकवता. तिघांनीही चहा थंडच प्यायला. त्याबद्दल तिने शेवटच्या दिवशी सगळ्यांना बिस्किटे आणली. फिटरने दोन जास्त घेतली, खात्याची भरपाई म्हणून.

सभा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सकाळी अकराला. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. नवरा मागे कांदा चिरत होता. पडद्यावर नऊ चौकोन. मधल्यात सर, कोपऱ्यात चष्मा.

सर म्हणाले, "मास्तर, तुमच्यापासून सुरू करू."

तिने आकडे वाचले नाहीत. आधी दुसरे सांगितले.

"आमच्याकडे साठ थर वाया गेले. दोष जुना होता. एका तंबूवाल्यानं सात महिन्यांपूर्वी लिहिला होता. मी बंद केला. तीस दिवसांचा नियमही माझाच. तो चुकीचा होता. माझं टेबल स्वच्छ दिसावं म्हणून मी लोकांचं म्हणणं झाडून टाकत होते."

मागे सुरीचा आवाज थांबला होता.

"आमच्या दालनात ज्यानं बिघाड लिहिला त्यानंच त्यावर रेघ मारायची. दुरुस्त करणाऱ्यानं नाही, आवराआवर करणाऱ्यानं तर नाहीच. मला असं सॉफ्टवेअर पाहिजे."

चष्मा पुढे झुकला. "ताई, माणसं उत्तरच देत नाहीत. मग हजार नोंदी उघड्या राहतील. काम करायला बसलं की धडकी भरेल."

"भरू दे. हजार आहेत तर हजार दिसू देत."

"आणि तो तंबूचा दोष मी दहा वेळा करून बघितला होता. माझ्याकडे होतच नाही!"

"कुठून सुरू केलंस?"

"म्हणजे?"

"फाईल कोणती उघडलीस?"

"नवीन. नेहमी नवीनच उघडतो. चाचणी स्वच्छ पाहिजे."

मास्तरने क्षणभर डोळे मिटले. हाच तो स्वच्छ शब्द. "अरे, शिंपी नवीन फाईल कशाला उघडेल? माझा नमुना सहा वर्षांचा आहे. त्यातच माप वाढवते, त्यातच कमी करते. त्याआधी पंचवीस वर्षं तो खिळ्याला होता, तेव्हाही त्यालाच कागद चिकटवून वाढवायचे. तंबूवालाही तेच करत असणार. माझी फाईल पाठवते. त्यात एक माप वाढव."

तिने ती तिथल्या तिथे पाठवली. चष्म्याच्या चौकोनात टकटक ऐकू आली. मग तो म्हणाला, "झालं." आणि लगेच, "म्हणजे, बिघडलं. माया गेली. मागच्या गोलाव्याची."

"चला," नवरा मागून हळूच म्हणाला, "एकदाची बस बंद पडलेली दिसली."

"तुम्ही कांदा चिरा."

पुढचा अर्धा तास निवडीचा. रंगीतमध्ये आपोआप बंद करणारे यंत्र काढता येईना. जोडीच्यात नोंद कोणीही बंद करू शके, तिथे अटकाव नव्हता. साध्यात दोन्ही जमत होते. शिवाय त्यात आपले प्रश्न घालता येत. मास्तरने एकच घालायला सांगितला, "कुठून सुरुवात केली, नवीन फाईल की जुनी?" चष्म्याच्या धडकीवरही तोड निघाली. तीस दिवस उत्तर आले नाही तर नोंद वेगळ्या कप्प्यात जाईल, "वाट पाहतोय" या नावाने. दिसत राहील. मिटणार नाही.

सर म्हणाले, "साधं आपल्या मशीनवर बसवावं लागेल. सध्या माझ्या शाळेच्या संगणकावर चालवू. सत्र संपलं की शाळा तो परत घेणार. पुढे भाड्यानं जागा लागेल, त्याचं नंतर बघू."

हात वर झाले. सात साध्याला, दोन रंगीतला. दोनांत एक चष्म्याचा होता. त्याने मत बदलले नाही, पण दोन दुपारी खर्चून साधे त्यानेच बसवले. जुन्या नोंदी त्यानेच हलवल्या, तिने बंद केलेल्या तीनशे अकरा नोंदीसुद्धा, सगळ्या पुन्हा उघड्या करून. मास्तरला हे आवडले. मत एकीकडे आणि मेहनत एकीकडे ठेवणारी माणसे तिला कामाला बरी वाटतात.

चार दिवसांत त्याने दोष दुरुस्त केला. आता रेघ. ती तंबूवाल्याच्या हातात होती.

मास्तरने त्याला लिहिले. उत्तर नाही. पुन्हा लिहिले, आपला फोन नंबर देऊन. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. आवाज जाड, मागे वाऱ्याने फडफडणारे कापड.

"तुम्हीच का त्या मास्तर?"

"मीच. दादा, तुमची नोंद मी बंद केली होती. चूक माझी झाली."

"अहो ताई, मी तो प्रोग्राम कधीच काढून टाकला. तीस दिवसांत उत्तर द्या म्हणे! तेव्हा हंगाम होता. तीस दिवसांत मी दाढी केली नव्हती."

"बरोबर आहे तुमचं. आता दुरुस्त केलंय. पण दुरुस्त झालं हे तुम्ही म्हटल्याशिवाय आम्ही धरणार नाही."

मग तो म्हणाला, "मी म्हटल्याशिवाय?"

"नोंद तुमची आहे."

"बघतो," तो म्हणाला. "पण नुसती कमान कापून सांगणार नाही. अख्खा तंबू शिवीन, ताणून उभा करीन, रात्रभर वाऱ्यात ठेवीन. मग सांगीन."

महिना संपायला चार दिवस होते. मास्तर म्हणाली, "तसंच करा."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "चार दिवसांत तंबू? घाई करा म्हणायचंस."

"मी घाई केली म्हणूनच हे झालं."

दोन दिवस गेले. मालकीणबाईंनी टेबलापाशी येऊन विचारले, "झालं दुरुस्त?"

"झालंय असं आमच्या पोराचं म्हणणं आहे. मीही कागदावर मापून बघितलं, बरोबर आहे. पण नोंद उघडी आहे."

"मग बंद करा आणि मोकळ्या व्हा. तुमच्या हातात आहे ना?"

"नाही बाई. आता नाही. ज्यानं लिहिलंय त्याच्या हातात आहे."

"आणि त्यानं परवापर्यंत नाही केली तर?"

"तर परवा मी खिळे ठोकते."

मालकीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. बाप गेल्यावर त्यांनी हा कारखाना सांभाळला होता. कोण वेळ मारून नेतो हे त्यांना कळे. त्या वर गेल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, चहाच्या सुट्टीत, मास्तरचा फोन थरथरला. तंबूचा फोटो होता. हिरवा, ताठ, दाराची कमान एकही चुणी नसलेली. खाली तंबूवाल्याने लिहिले होते, "जुन्या फाईलवरून कापला. दोन रात्री वाऱ्यात ठेवला. माया सगळीकडे आहे. बंद करतो." आणि नोंदीवर रेघ पडली.

तिने फोन खिशात टाकला, हात धुतले, आणि सुट्टी संपायच्या आत कापड अंथरायला घेतले. साठ थर. सर्वांत मोठे माप. सुरी तिने थेट मागच्या मुंढ्याच्या रेघेला लावली. तेवढ्यासाठीच तिने दहा दिवस चहा थंड प्यायला होता. पाठी कापून झाल्या. बाही लावणारीने पहिली पाठ उचलली, यंत्राखाली घातली, गोलावा फिरवला. सगळे दालन ऐकत होते, आणि कोणी ऐकतोय असे दाखवत नव्हते.

"बसली," ती म्हणाली.

"नीट?"

"मास्तर, इतकी नीट बसली की मला काही कामच उरलं नाही."

मालकीणबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी ती डांगरी हातात घेतली, बाही उलटी केली, ताण पडणाऱ्या जागी शिवण ओढून पाहिली. "संगणक राहू दे," त्या म्हणाल्या. वर जाता जाता वळल्या. "आणि तुमच्या त्या वहीत मालकांनाही लिहिता येतं का?"

"कोणालाही येतं बाई. खातं लागत नाही."

त्यानंतरच्या महिन्यांत तीनशे अकरापैकी दोनशे चार नोंदींवर रेघ पडली, प्रत्येक लिहिणाऱ्याच्या हाताने. त्यांतल्या कित्येकांना मास्तरने एकेक करून पत्र लिहिले. रोजच्या एका तासाचे दोन झाले. बाकीच्या नोंदी वाट पाहत राहिल्या, सगळ्यांना दिसत. सरांनी पुन्हा तिचे कौतुक केले. या वेळी तिने ते घरी सांगितले नाही. नवऱ्याने ते मागे उभे राहून ऐकलेच होते, आणि बसच्या डेपोत त्यानेच चौघांना सांगितले.

सत्र संपत आले. शाळा संगणक परत मागणार होती. सरांनी सभेत विषय काढला, भाड्याच्या जागेसाठी वर्गणी गोळा करावी का. चष्म्याने विचारले, कुणाकडे पहिल्या वर्षाचे पैसे तरी आहेत का. मास्तर म्हणाली, "ते झालंय." पुढच्या वर्षी बाकीच्यांनी बघावे, पहिले तिचे.

त्या हिवाळ्यात तिने अकरा आठवडे जादा पाळी केली होती. दोनला सुटायची ती सहाला सुटे, आणि नोंदींचे दोन तास सुट्टीच्या दिवशी भरून काढी. त्या पैशांचा सोफा घ्यायचा असे घरात ठरले होते. रंगही ठरला होता.

"मग सोफा?" नवऱ्याने विचारले.

"बसायला वेळ कुठंय आपल्याला?"

तो तिच्या शेजारची लाकडी खुर्ची ओढून बसला आणि पडद्याकडे पाहू लागला. भाड्याचा अर्ज भरलेला होता. एकच रकाना रिकामा होता, पैसे कशासाठी. तिने तिथे लिहिले, "दोष लिहायची जागा, एक वर्ष," आणि तिच्या अकरा आठवड्यांच्या जादा पाळीचा पगार पाठवून दिला.